संप्लवन छपाई आणि सूक्ष्म उद्योग : माउस मॅटच्या निमित्ताने एक अभ्यास

संगणकाच्या टेबलावर माउसखाली ठेवलेली चौकोनी मऊ चटई, म्हणजेच माउस मॅट किंवा माउस पॅड, ही वस्तू तशी क्षुल्लक मानली जाते. तिच्यावर एखाद्या महाविद्यालयाचे बोधचिन्ह, पतसंस्थेचे नाव अथवा कुटुंबाचे छायाचित्र छापले की तिला भेटवस्तूचे वा जाहिरातीच्या साधनाचे मूल्य प्राप्त होते. हे मूल्यवर्धन ज्या प्रक्रियेतून होते तिला संप्लवन छपाई, व्यवहारात सब्लिमेशन प्रिंटिंग, असे म्हणतात. एका खोलीत, घरगुती वीजजोडणीवर आणि एकट्या माणसाच्या श्रमावर चालू शकणारा हा व्यवसाय देशातील लहानमोठ्या शहरांत रुजला आहे.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना हा विषय दोन कारणांनी उपयुक्त आहे. पदार्थाच्या अवस्था, विसरण आणि रंगमिश्रण या विज्ञानाच्या पाठांचे हे प्रत्यक्ष उपयोजन आहे. त्याचबरोबर सूक्ष्म उद्योगांची व्याख्या, कर्जयोजना, थकीत देयके आणि बौद्धिक संपदा हे सामान्य अध्ययनातील घटक येथे एकाच उदाहरणात अभ्यासता येतात. स्वयंरोजगाराच्या या वाटेवर पाऊल टाकणाऱ्या तरुणाचा उद्योग कोठे अडतो, यंत्रापाशी की बाजारापाशी, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

संप्लवन : शास्त्रीय आधार

स्थायू पदार्थ द्रवरूप न होता थेट वायुरूप होतो, या क्रियेला संप्लवन म्हणतात. कापूर, आयोडीन आणि नॅफ्थलीनच्या गोळ्या ही पाठ्यपुस्तकातील परिचित उदाहरणे होत. घन कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कोरडा बर्फ, सामान्य वातावरणीय दाबाखाली उणे ७८.५ अंश सेल्सिअसला थेट वायुरूप होतो. छपाईत वापरले जाणारे काही रंजकही तापवल्यावर असेच वायुरूप होतात आणि याच गुणधर्मावर ही पद्धती आधारलेली आहे.

या रंजकांना डिस्पर्स रंजक असे नाव आहे. ते पाण्यात जवळपास अविद्राव्य असून त्यांचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेल्या अवस्थेत ठेवावे लागतात, यावरून हे नाव पडले. त्यांचा विकास १९२० च्या दशकात सेल्युलोज अ‍ॅसिटेट या कृत्रिम धाग्यासाठी झाला. पुढे १९४१ मध्ये ब्रिटनमधील जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटपासून पॉलिएस्टर धागा तयार केला. या धाग्याला रंगवण्यासाठी डिस्पर्स रंजक सर्वाधिक योग्य ठरले. कागदावर छापलेला रंग उष्णतेने कापडावर नेण्याच्या पद्धतीचे श्रेय फ्रान्समधील नोएल द प्लास यांना दिले जाते. त्यांचे कार्य १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे. ज्या माउससाठी ही चटई लागते, त्याचे पहिले नमुने डग्लस एंगलबार्ट यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास तयार झाले आणि १९६८ मध्ये त्यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले.

पॉलिएस्टरच का, सुती कापड का नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पॉलिएस्टरच्या रेणुसाखळ्या सामान्य तापमानास घट्ट व स्थिर असतात. तापमान सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे त्याच्या काच-संक्रमण तापमानाच्या पलीकडे गेले की धाग्याच्या अस्फटिक भागातील साखळ्यांना हालचाल करता येऊ लागते. तापमान २०० अंशांच्या आसपास पोहोचते तेव्हा त्यांच्यामध्ये पुरेशा पोकळ्या निर्माण होतात आणि वायुरूप रंजकाचे रेणू विसरणाने आत शिरतात. तापमान उतरताच साखळ्या पुन्हा स्थिर होतात व रंजक आतच अडकून पडतो. पॉलिएस्टरचा द्रवणांक २५० अंशांच्या वर असल्याने या क्रियेत धागा वितळत नाही. सुताचा धागा हा सेल्युलोजचा, पाण्याशी सख्य असलेला. डिस्पर्स रंजकाशी त्याचे आकर्षण अत्यल्प असते. त्यामुळे सुती कापडावर अशी छपाई फिकी पडते व धुतल्यावर निघून जाते.

या शास्त्रीय वस्तुस्थितीचे एक व्यावहारिक फलित आहे. रंग पृष्ठभागावर थर म्हणून बसत नाही, तो धाग्याच्या आत असतो. म्हणून छापलेल्या चटईचा स्पर्श व विणीचा पोत बदलत नाही. प्रकाशीय माउस आपल्या खालच्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म प्रतिमा सतत घेऊन त्यांच्या तुलनेवरून हालचाल ओळखतो. त्याला विणीचा पोत असलेला, न चमकणारा पृष्ठभाग मानवतो. रंगाचा थर चढवणाऱ्या छपाईत हा थर घर्षणाने झिजतो, सोलवटतो; संप्लवन छपाईत ही अडचण उद्भवत नाही.

कृतीचे टप्पे

माउस मॅटचा कोरा नमुना दोन थरांचा असतो. वर पांढरे पॉलिएस्टर कापड आणि खाली न घसरणारा रबरी फेस. सर्वसाधारण आकार सुमारे २२ सेंटीमीटर लांब व १८ सेंटीमीटर रुंद, जाडी सुमारे ३ मिलिमीटर. छपाईसाठी संगणक, संप्लवन शाई भरलेला इंकजेट मुद्रक, लेपयुक्त हस्तांतरण कागद आणि सपाट उष्णता-दाबयंत्र ही साधने लागतात. साधा उष्णतेवर चालणारा इंकजेट शीर्षभाग या शाईला मानवत नाही. म्हणून विद्युतदाबाने स्पंदित होणाऱ्या स्फटिकावर चालणारा, म्हणजे पिझो पद्धतीचा मुद्रक वापरतात.

पहिला टप्पा चित्राच्या सिद्धतेचा. २२ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ८.७ इंच. इंचाला किमान २०० बिंदू धरले तर चित्राच्या लांब बाजूस सुमारे १,७४० बिंदू हवेत. संदेशवहनाच्या अ‍ॅपमधून आलेली छायाचित्रे बहुधा आकुंचित केलेली असतात, त्यामुळे ग्राहकाकडून मूळ धारिका मागवणे इष्ट ठरते. चित्र चारही बाजूंनी सुमारे ३ मिलिमीटर जास्त ठेवले म्हणजे कडेला पांढरी रेघ राहत नाही.

दुसरा टप्पा छपाईचा. चित्र कागदावर आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटे छापावे लागते, कारण कागद चटईवर पालथा घातला जातो. निळसर म्हणजे सायान, किरमिजी म्हणजे मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या मिश्रणातून अन्य सर्व छटा मिळतात. हे वजाबाकीचे रंगमिश्रण होय. प्रत्येक शाई पांढऱ्या प्रकाशातील काही भाग शोषून घेते. या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रातील पांढरा भाग म्हणजे कापडाचा न छापलेला भाग. म्हणूनच काळ्या वा गडद चटईवर ही छपाई होऊ शकत नाही. कागदावरचे चित्र मळकट दिसले तरी चिंतेचे कारण नसते, खरे रंग उष्णतेनंतरच उमलतात.

तिसरा टप्पा उष्णता व दाबाचा. यंत्राचे तापमान साधारणपणे १९० ते २०० अंश सेल्सिअस ठेवतात. चटई कापडाची बाजू वर करून ठेवतात, कापडावरची धूळ व तंतू चिकट रोलरने काढतात आणि ओलावा घालवण्यासाठी काही सेकंद आधी दाब देतात. मग छापील बाजू कापडाकडे करून कागद ठेवतात, तो उष्णतारोधक चिकटपट्टीने स्थिर करतात, त्यावर साधा संरक्षक कागद घालतात आणि ४० ते ६० सेकंद मध्यम दाब देतात. नेमके आकडे कोऱ्या मालाचा उत्पादक सांगतो. प्रत्येक नव्या खेपेची चाचणी घेऊनच ते निश्चित करावेत. वेळ पूर्ण होताच कागद एका हालचालीत उचलून चटई सपाट पृष्ठभागावर थंड होऊ देतात.

चौथा टप्पा तपासणीचा. येथे दिसणाऱ्या प्रत्येक दोषामागे भौतिक कारण असते. छपाई फिकी असेल तर तापमान, वेळ वा दाब यांपैकी काहीतरी कमी पडले. चित्राला सावलीसारखी दुहेरी कड आली असेल, तर कागद उचलताना सरकला आणि अजून वायुरूप होत असलेला रंजक शेजारी पोहोचला. पांढरा भाग पिवळसर झाला असेल, तर उष्णता जास्त झाली. रबरही त्यामुळे खराब होते. ठिपके वा डाग दिसले, तर कापडात वा कागदात ओलावा होता. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीच्या प्रदेशांत, कागद हवाबंद पिशवीत ठेवणे याच कारणाने गरजेचे असते.

सुरक्षिततेचे नियम साधे असले तरी ते टाळून चालत नाही. २०० अंशांचा धातूचा पत्रा क्षणार्धात भाजतो, म्हणून हातमोजे वापरावेत. तापलेल्या रबर व रंजकाच्या वाफा साचू नयेत यासाठी खोलीत खेळती हवा व बाहेर फेकणारा पंखा हवा. दीड किलोवॉटच्या यंत्राला भूसंपर्कित स्वतंत्र जोडणी असावी.

खर्चाचे गणित

आता अर्थशास्त्राकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. स्थानिक बाजारभावानुसार ते बदलतील. महत्त्व आहे ते आकडेमोडीच्या पद्धतीला.

मुद्रक, दाबयंत्र, संगणक व इतर साधने मिळून १,२०,००० रुपयांची गुंतवणूक झाली आणि साधनांचे आयुष्य ५ वर्षे मानले, तर सरळरेषा पद्धतीने घसारा वर्षाला २४,००० म्हणजे महिन्याला २,००० रुपये होतो. यासाठी १,००,००० रुपये कर्ज घेतले व व्याजदर वार्षिक १२ टक्के धरला, तर आरंभीचे मासिक व्याज १,००० रुपये. खोलीचे भाडे ३,००० रुपये, इंटरनेट व किरकोळ खर्च १,००० रुपये आणि उद्योजकाचे स्वतःचे श्रममूल्य १२,००० रुपये. एकूण मासिक स्थिर खर्च १९,००० रुपये होतो. अनेक नवउद्योजक स्वतःचे श्रम फुकट धरतात आणि तोट्यातील धंदा नफ्यात असल्याचा समज करून घेतात. म्हणून श्रममूल्य हिशेबात घेणे अत्यावश्यक आहे.

बदलता खर्च प्रतिनग असा : कोरी चटई ३६ रुपये, कागद व शाई ८ रुपये, वीज १ रुपया, मिळून ४५ रुपये. शंभरांतील दहा नग छपाईत बिघडतात असे मानले, तर एका चांगल्या नगामागे हा खर्च ४५ भागिले ०.९ म्हणजे ५० रुपये पडतो. त्यात वेष्टनाचे ५ रुपये मिळवले की ५५ रुपये. विक्री किंमत १०५ रुपये असल्यास प्रत्येक नगामागे स्थिर खर्च भागवण्यासाठी ५० रुपये उरतात. १९,००० ला ५० ने भागले असता ३८० नग, हा मासिक ना-नफा-ना-तोटा बिंदू होय. बिघाड पूर्णपणे टाळता आला, तर नगामागे ५५ रुपये उरतील आणि हा बिंदू ३४६ नगांवर येईल. कौशल्याचे आर्थिक मूल्य असे मोजता येते.

मात्र स्पर्धेमुळे किंमत १०५ वरून ८० रुपयांवर आली तर काय होईल? नगामागे केवळ २५ रुपये उरतील व ना-नफा-ना-तोटा बिंदू ७६० नगांवर जाईल. किमतीत सुमारे २४ टक्के घट झाली, परंतु तग धरण्यासाठी लागणारी विक्री दुप्पट झाली. प्रवेश सोपा असलेल्या व्यवसायात ही शक्यता नेहमीच असते. अर्थशास्त्रात जिला मक्तेदारीयुक्त स्पर्धा म्हणतात, त्या बाजाराचे हे लक्षण आहे : विक्रेते अनेक, प्रवेश मुक्त आणि बचावाचा मार्ग एकच, तो म्हणजे वस्तुभेद. उत्तम आरेखन, वेळेवर पुरवठा, मोजक्या नगांचीही मागणी स्वीकारणे आणि भारतीय भाषांतील अचूक अक्षरजुळणी ही या व्यवसायातील वस्तुभेदाची साधने आहेत.

आता यंत्राच्या क्षमतेचा विचार करू. चटई ठेवणे, दाब देणे व काढणे मिळून ३ मिनिटे धरली, तर तासाला २० व सहा तासांत १२० नग होतात. म्हणजे महिन्याची ३८० नगांची गरज सव्वातीन दिवसांत भागते! उरलेले दिवस यंत्र मागणीची वाट पाहते. या व्यवसायातील अडसर उत्पादनक्षमतेचा नसून मागणीचा आहे, हा निष्कर्ष अत्यंत महत्त्वाचा आहे. पहिल्या यंत्रावर पुरेसे काम नसताना अनुदान मिळते म्हणून दुसरे यंत्र घेणे हे कर्जबाजारीपणास निमंत्रण ठरते. याउलट त्याच यंत्रावर पॉलिएस्टरचे फलक, उशांचे अभ्रे, धातूच्या लेपित पट्ट्या अशी विविध उत्पादने घेतल्यास स्थिर खर्च अनेक वस्तूंवर विभागला जातो.

भांडवल आणि शासकीय योजना

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये संमत झाला व २ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्या वेळी वस्तुनिर्माण क्षेत्रातील सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची मर्यादा २५ लाख रुपये होती. १ जुलै २०२० पासून वस्तुनिर्माण व सेवा हा भेद संपुष्टात आला आणि गुंतवणूक व उलाढाल हे दोन्ही निकष एकत्र लागू झाले. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणुकीची मर्यादा २.५ कोटी व उलाढालीची १० कोटी रुपये करण्यात आली. लघु उद्योगासाठी अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी, तर मध्यम उद्योगासाठी १२५ कोटी व ५०० कोटी रुपये. आपल्या उदाहरणातील उद्योग या मर्यादांच्या अगदी तळाशी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार (२०१५-१६) देशात सुमारे ६.३४ कोटी असंघटित सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते, त्यांत सुमारे ११.१ कोटी लोकांना रोजगार होता आणि यांतील ९९ टक्क्यांहून अधिक उद्योग सूक्ष्म होते. तळाशी असलेला हा वर्गच संख्येने प्रचंड आहे.

या उद्योगाने पहिली पायरी म्हणून उद्यम नोंदणी करावी. ही नोंदणी ऑनलाइन, स्वयंघोषणेवर आधारित व निःशुल्क असते.

कर्जासाठी प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५०,००० ते ५ लाख आणि तरुण गटात ५ ते १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते. तरुण गटातील कर्जाची यशस्वी परतफेड करणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये १० ते २० लाखांचा तरुण प्लस गट जोडण्यात आला. आपल्या उदाहरणातील १,००,००० रुपयांचे कर्ज किशोर गटात मोडते.

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. पूर्वीची प्रधानमंत्री रोजगार योजना व ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम यांचे त्यात एकत्रीकरण झाले असून खादी आणि ग्रामोद्योग आयोग ही राष्ट्रीय पातळीवरील अंमलबजावणी संस्था आहे. सर्वसाधारण गटातील लाभार्थीचे स्वतःचे योगदान १० टक्के, तर अनुदान शहरी भागात १५ व ग्रामीण भागात २५ टक्के असे ठरवण्यात आले. महिला, अनुसूचित जाती-जमाती आदी विशेष गटांसाठी योगदान ५ टक्के आणि अनुदान अनुक्रमे २५ व ३५ टक्के. २०२२ मध्ये प्रकल्पखर्चाची कमाल मर्यादा वस्तुनिर्माणासाठी ५० लाख व सेवांसाठी २० लाख रुपये करण्यात आली. योजनांचे आकडे कालांतराने बदलतात; परीक्षेपूर्वी अद्ययावत अधिसूचना पाहून घ्यावी.

प्रशिक्षणाच्या बाजूने ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचा उल्लेख आवश्यक आहे. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर बँकांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांत या संस्था उभ्या राहिल्या. तेथे ग्रामीण तरुणांना निःशुल्क निवासी प्रशिक्षण दिले जाते.

खरा पेच : थकलेली देयके

आपल्या उदाहरणाकडे पुन्हा वळू. ३८० नग प्रत्येकी १०५ रुपयांना विकले, तर मासिक विक्री ३९,९०० रुपये होते. मोठ्या ग्राहकांनी तीन महिन्यांनी पैसे देण्याचा शिरस्ता ठेवला, तर विक्रीमूल्याने १,१९,७०० रुपये अडकून पडतात. ही रक्कम संपूर्ण यंत्रसामग्रीच्या किमतीइतकी आहे! यंत्रासाठी कर्ज मिळाले, अनुदानही मिळाले. परंतु तेवढ्याच रकमेचे खेळते भांडवल कोणी दिले नाही. दरम्यान कोऱ्या मालाचे पैसे रोख द्यावे लागतात, कर्जाचा हप्ता थांबत नाही. कागदावर नफ्यात असलेला उद्योग रोखतेअभावी बंद पडतो, तो असा.

याच पेचावर २००६ च्या अधिनियमातील कलम १५ ते २४ हा उपाय आहे. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक असून ही मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी करार नसल्यास माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांचा कालावधी मोजला जातो. विलंब झाल्यास कलम १६ अन्वये रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. तंट्यासाठी राज्यांमध्ये सुविधा परिषदा आहेत आणि २०१७ पासून समाधान या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आणखी एक तरतूद केली : सूक्ष्म व लघु उद्योगांना या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला आयकरात त्या वर्षी न मिळता प्रत्यक्ष रक्कम दिल्याच्या वर्षीच मिळेल.

४५ दिवसांची मर्यादा पाळली गेली, तर आपल्या उदाहरणात अडकणारी रक्कम १,१९,७०० वरून ५९,८५० रुपयांवर येते. एका कलमाच्या अंमलबजावणीने जवळपास ६०,००० रुपयांचे भांडवल मोकळे होते. तथापि, ग्राहक दुरावेल या भीतीने लहान पुरवठादार तक्रार करण्यास कचरतो. कायदा आणि त्याचा वापर यांतील हे अंतर धोरणचर्चेचा विषय आहे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा : स्वतः छपाई करणारा हा वस्तुनिर्माता वा सेवादाता ठरतो. केवळ तयार माल आणून विकणारा व्यापारी २०२१ पासून उद्यम नोंदणीस पात्र झाला. पण त्याला अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच लाभ मिळतो, विलंबित देयकांविषयीच्या तरतुदींचा नाही.

बाजारपेठ व कर

सुरत हे मानवनिर्मित धाग्यांच्या कापडाचे देशातील प्रमुख केंद्र, लुधियाना होजिअरीचे, तर जालंधर व मेरठ क्रीडासाहित्याचे. पॉलिएस्टरवरील हस्तांतरण छपाईला या केंद्रांत नैसर्गिक बाजारपेठ आहे. लहान शहरातील माउस मॅटचा उद्योजक मात्र शाळा, महाविद्यालये, पतसंस्था व स्थानिक कार्यालये यांवर अवलंबून असतो. लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीमुळे साध्या चटईची गरज घटली आहे, त्याच वेळी संगणकीय खेळांसाठी मोठ्या आकाराच्या चटयांना नवी मागणी आली आहे.

शासकीय खरेदीत सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २०१२ चा सार्वजनिक खरेदी आदेश लागू आहे. केंद्रीय मंत्रालये, विभाग व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करावी, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून असावी, असे २०१८ च्या दुरुस्तीनंतरचे सूत्र आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली शासकीय ई-बाजारपेठ, म्हणजे जेम, हे त्याचे माध्यम होय.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. बहुतेक राज्यांत वस्तूंच्या पुरवठ्यासाठी नोंदणीची उंबरठा मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये आहे. उदाहरणातील वार्षिक विक्री ४,७८,८०० रुपये असल्याने नोंदणी सक्तीची नाही. परंतु परराज्यात करपात्र वस्तू पाठवायच्या असल्यास, काही अपवाद वगळता, उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान पुरवठादारांना ई-वाणिज्य मंचांवरून राज्यांतर्गत विक्रीस सशर्त मुभा मिळाली आहे.

चित्र कोणाचे?

यंत्र कोणतेही चित्र छापते, कायदा मात्र कोणतेही चित्र छापू देत नाही. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क हक्कधारकाचा असतो. जाणीवपूर्वक उल्लंघन केल्यास कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कार्टूनमधील पात्रे, चित्रपटांची भित्तिपत्रे वा क्रीडासंघांची बोधचिन्हे परवान्याविना छापणे म्हणूनच धोक्याचे ठरते. नोंदणीकृत बोधचिन्हांना व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चेही संरक्षण असते. छायाचित्राबाबत कलम १७ लक्षणीय आहे : कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास तो मोबदला देणाराच प्रथम हक्कधारक ठरतो.

बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० याकडे महाराष्ट्रातील उद्योजकांनी विशेष लक्ष द्यावे. या अधिनियमाच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित जवाहरलाल नेहरू, श्रीमती इंदिरा गांधी व प्रधानमंत्री यांची नावे वा चित्रे समाविष्ट असून केंद्र शासनाच्या परवानगीविना त्यांचा व्यापारी कारणासाठी वापर निषिद्ध आहे. राष्ट्रीय बोधचिन्हासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक अधिनियम, १९७१ नुसार उश्या, हातरुमाल, नॅपकिन आदींवर राष्ट्रध्वज छापता येत नाही. ज्या चटईवर हात टेकवला जातो तिच्यावर ध्वज छापण्याची मागणी नाकारणेच उचित होय.

पर्यावरणाची बाजू

पारंपरिक रंगाईत धाग्याला न चिकटलेला रंग, क्षार व रसायने सांडपाण्यात जातात. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथील रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे नोय्यल नदीचे प्रदूषण इतके वाढले की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शून्य द्रव विसर्गाचे निकष न पाळणारे कारखाने बंद करण्याचे आदेश दिले. संप्लवन छपाईत कापड धुवावे लागत नाही, हे तिचे मोठे बलस्थान आहे. मात्र तिरुप्पूरच्या सुती होजिअरीला ही पद्धती जशीच्या तशी लागू पडत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय वापरलेला लेपयुक्त कागद, रबर व पॉलिएस्टरचा जोडथर हा पुनर्चक्रीकरणास कठीण कचरा आहे. पाण्याची बचत होते, घनकचऱ्याचा प्रश्न उरतो. तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू मांडणारे उत्तरच समतोल ठरते.

समारोप

तंत्र शिकण्यास काही आठवडे पुरतात, यंत्र कर्जातून मिळते. परंतु मागणी आणि वेळेवर मिळणारे पैसे या दोन गोष्टी कोणत्याही अनुदानातून विकत घेता येत नाहीत. स्वयंरोजगार योजनांचे यश वाटलेल्या कर्जांच्या संख्येपेक्षा तीन वर्षांनंतर चालू राहिलेल्या उद्योगांच्या संख्येवर मोजले जाणे अधिक योग्य ठरेल. त्यासाठी यंत्राच्या कर्जाला खेळत्या भांडवलाची, प्रशिक्षणाला विपणनाची आणि ४५ दिवसांच्या कलमाला निर्भय तक्रारीची जोड आवश्यक आहे. ज्या उद्योजकाने यंत्र घेण्याआधी पहिल्या तीनशे ऐंशी नगांचे ग्राहक शोधले, त्याचा पाया इतरांपेक्षा भक्कम असतो.

सरावासाठी प्रश्न

१. संप्लवन छपाई पॉलिएस्टरवर टिकते, सुती कापडावर टिकत नाही. रेणुरचनेच्या आधारे कारणे द्या.

२. स्थिर खर्च १९,००० रुपये, प्रतिनग बदलता खर्च ५५ रुपये व विक्री किंमत ९३ रुपये असल्यास ना-नफा-ना-तोटा बिंदू काढा. (उत्तर : ५०० नग)

३. सूक्ष्म उद्योगाच्या व्याख्येत २००६, २०२० व २०२५ मध्ये झालेले बदल स्पष्ट करा.

४. "सूक्ष्म उद्योगांची मुख्य समस्या कर्जाची उपलब्धता नसून देयकांचा विलंब ही आहे." चर्चा करा.

५. सानुकूल छपाई व्यवसायास लागू होणारे बौद्धिक संपदा व राष्ट्रीय प्रतीकांविषयीचे कायदे थोडक्यात लिहा.